विश्लेषण : ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ असे कुणी म्हणू शकते का? कायदा देतो १५ दिवस

वाढीव बिल मान्य नसेल तर पूर्ण रक्कम न भरताही वीज सुरू ठेवण्याची सोय २००३च्या कायद्यात आहे. ती ग्राहकाला सांगणार कोण?

‘प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट न झाल्याने आज रात्री ९.३० वाजता तुमचा वीजपुरवठा खंडित करण्यात येईल. त्वरित आमच्या अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’

गेल्या काही वर्षांत अशा आशयाचा संदेश आला नाही, असा मोबाइल शोधावा लागेल. खाली एक साधा दहा आकडी नंबर. फोन केला की पलीकडचा ‘अधिकारी’ अदबीने बोलतो, एक ॲप डाउनलोड करायला सांगतो, खात्री म्हणून दहा रुपये भरायला लावतो आणि पाहता पाहता बँक खाते रिकामे होते. महावितरणने, पोलिसांनी, बँकांनी याबाबत अनेकदा सावध केले आहे. वैयक्तिक नंबरवरून आलेल्या संदेशाला उत्तर देऊ नका, अनोळखी ॲप घेऊ नका, फसवणूक झालीच तर १९३० या हेल्पलाइनवर तातडीने कळवा. हे सगळे बरोबरच आहे.

पण हा सापळा इतक्या जणांना का फसवतो, हा प्रश्न बाजूलाच राहतो. फसणाऱ्यांत निवृत्त शिक्षक असतात, बँकेतले लोक असतात, आयटीत काम करणारेही असतात. कारण सरळ आहे. आज बिल थकले आणि आज रात्री वीज गेली, हे आपल्याकडे सगळ्यांना शक्य वाटते. सोसायटीच्या गेटवर वायरमन येऊन उभा राहतो, मीटर बॉक्स उघडतो आणि ‘साहेबांचा आदेश आहे’ म्हणतो, हे दृश्य अनेकांनी पाहिलेले असते. भामट्यांनी ग्राहकाच्या मनातली जुनीच भीती तेवढी वापरली.

प्रत्यक्षात थकबाकीसाठी कोणतीही वीज कंपनी, सरकारी असो वा खासगी, ‘आज रात्री’ घरगुती वीज तोडू शकत नाही. कायदा तसे करू देत नाही. ही एक ओळ प्रत्येक घरात ठाऊक असती तर त्या संदेशाचा निम्मा जोर तिथेच संपला असता.

कलम ५६ काय सांगते?

वीज कायदा, २००३ जून २००३ मध्ये लागू झाला. त्याचे ५६ वे कलम थकबाकीदाराचा पुरवठा खंडित करण्याबद्दल आहे. कंपनीला हा अधिकार आहे, यात शंका नाही. पण त्याला अट जोडलेली आहे : किमान पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस. ‘पूर्ण’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नोटीस मिळाल्याचा दिवस आणि वीज तोडण्याचा दिवस हे दोन्ही सोडून मधले १५ दिवस मोजायचे. म्हणजे १ तारखेला नोटीस हातात पडली तर १७ तारखेच्या आधी मीटरला हात लावता येत नाही.

क्रमही लक्षात घेण्याजोगा आहे. आधी बिल मुदतीत न भरलेले हवे, मग नोटीस, मग १५ दिवस आणि त्यानंतर खांबावर शिडी. ‘परवा शेवटची तारीख होती, म्हणून आज तोडतो’ हे या क्रमात कुठेच बसत नाही. तोंडी ताकीद ही नोटीस नव्हे. वायरमनने दारात येऊन दिलेला दमही नव्हे.

इथे एक खुलासा हवा. हे संरक्षण थकबाकीबाबतचे आहे. मीटरमध्ये फेरफार किंवा आकडा टाकून केलेली वीजचोरी यांचा विचार कलम १३५ खाली होतो आणि तिथे पुरवठा तत्काळ तोडता येतो. घरगुती जोडणीवर दुकान चालवण्यासारख्या अनधिकृत वापरासाठी कलम १२६ आहे. त्याची आकारणी दुप्पट दराने होते. बिल थकलेल्या साध्या ग्राहकाशी बोलताना काही वेळा ही कलमे सूचकपणे पुढे केली जातात. तेव्हा ‘नोटीस कोणत्या कलमाखाली आहे?’ हा पहिला प्रश्न विचारावा. त्याच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असते.

पूर्ण रक्कम भरावीच लागते का?

कलम ५६ मधला सर्वात मोलाचा भाग पहिल्या पोटकलमाला जोडलेल्या परंतुकात आहे, आणि नेमका तोच कुणाला माहीत नसतो. ‘आधी भरा, मग तक्रार करा, जास्तीचे पुढच्या बिलात वळते होतील,’ हे वाक्य वीज कार्यालयाच्या काउंटरवर न ऐकलेला ग्राहक विरळा. कायदा असे म्हणत नाही.

कायदा सांगतो की बिलाबाबत वाद असेल तर ग्राहकाने हरकत नोंदवून दोनपैकी एक रक्कम भरावी : एक तर मागणी केलेली पूर्ण रक्कम, किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने येणारी दरमहा रक्कम. या दोन्हींपैकी जी कमी असेल ती. एवढे भरले की वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही.

समजा, एका कुटुंबाचे बिल गेले सहा महिने सरासरी १,१०० रुपये येत आहे आणि अचानक १८,४०० रुपयांचे बिल आले. घरात ना नवा एसी, ना पाहुणे. अशा वेळी १८,४०० रुपये उसने आणून भरण्याची गरज नाही. त्या महिन्याचे १,१०० रुपये हरकत नोंदवून भरायचे आणि वाद लेखी मांडायचा. वाद पुढच्या महिन्यात गेला तर पुन्हा १,१००. निकाल कंपनीच्या बाजूने लागला तर उरलेली रक्कम द्यावी लागेल, हे उघड आहे. परंतुक बिल माफ करत नाही. ते फक्त एवढेच पाहते की ज्या रकमेवर भांडण आहे, ती रक्कम अंधारात बसवून वसूल होऊ नये.

महिन्याला वीस-बावीस हजारांत घर चालवणाऱ्यासाठी १,१०० आणि १८,४०० यांतला फरक फार मोठा असतो. एवढे एकरकमी बिल भरायचे तर कुणाची शाळेची फी पुढे जाते, कुणाचा भिशीचा हप्ता चुकतो. भरल्यावर तक्रार करण्याची ऊर्मी उरत नाही आणि कंपनीच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. पैसे भरलेल्या ग्राहकाच्या तक्रारीची घाई कुणालाच नसते. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखून ही सोय ठेवली. अडचण अशी की ती कायद्याच्या पुस्तकात राहिली.

बिल आता मोबाइलवरच भरले जाते आणि यूपीआय ॲपवर ‘हरकत नोंदवून’ असे लिहायला रकाना नसतो. त्यामुळे आज तरी जुनाच मार्ग भरवशाचा : उपविभागीय कार्यालयाला साधे पत्र, त्यात ग्राहक क्रमांक, मागच्या सहा बिलांच्या रकमा, ‘कलम ५६(१) च्या परंतुकानुसार हरकत नोंदवून सरासरी रक्कम भरत आहे’ हे वाक्य आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का. ईमेल केला तरी शिक्क्याची प्रत हाताशी असलेली बरी. काउंटरवरचा कर्मचारी अर्धवट रक्कम घ्यायला का-कू करेल, हेही गृहीत धरावे. त्याला बहुधा हे परंतुक कुणी शिकवलेलेच नसते.

मुळात बिल फुगते कुठून?

वाढीव बिलाची एक नेहमीची वाट सरासरी बिलातून जाते. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी ‘लॉक्ड’ किंवा ‘फॉल्टी’ अशी नोंद दिसली की समजावे, मीटर वाचलेला नाही. बिल अंदाजाने आले आहे. दोन-तीन महिने असे गेले की एखाद्या दिवशी खरे रीडिंग घेतले जाते आणि राहिलेले सगळे युनिट एकदम अंगावर येतात.

इथे स्लॅबचे गणित समजून घेण्यासारखे आहे. महावितरणच्या घरगुती दरांत ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. वरच्या टप्प्यातले युनिट महाग. एका घराने तीन महिन्यांत दरमहा १५०, म्हणजे एकूण ४५० युनिट वापरले असे धरा. महिन्यागणिक विभागले तर ३०० युनिट सर्वात स्वस्त टप्प्यात आणि १५० दुसऱ्या टप्प्यात बसतात. तेच ४५० युनिट एकाच महिन्याचे म्हणून मोजले तर स्वस्तात फक्त १००, दुसऱ्या टप्प्यात २०० आणि उरलेले १५० थेट तिसऱ्या टप्प्यात जातात. वीज तेवढीच, बिल वेगळे. त्यामुळे साचलेले रीडिंग आल्यावर ते किती महिन्यांत विभागले, हे तपासायलाच हवे.

२०२० च्या जूनमध्ये हे सगळ्या महाराष्ट्राने अनुभवले. टाळेबंदीमुळे मार्चअखेर रीडिंग थांबले, हिवाळ्यातल्या वापरावरून सरासरी बिले गेली आणि उन्हाळा संपताना एकत्रित बिले आली. घरी बसलेल्या लोकांनी ऐन उन्हाळ्यात वीज जास्त वापरली होती, हे खरे. बिले महिन्यांत विभागल्याचे कंपन्यांनी सांगितले, हप्त्यांची सोयही झाली. पण बिल वाचता न येणाऱ्या ग्राहकाला ‘तुमचा हिशेब बरोबर आहे’ एवढे सांगून त्याचे समाधान होत नाही. त्या महिन्यांत संताप उसळला त्यामागे रकमेइतकाच हा न कळणारा हिशेबही होता.

त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबर २०२० रोजी, केंद्र सरकारने वीज (ग्राहकांचे हक्क) नियम अधिसूचित केले. त्यात अंदाजी बिलांना लगाम आहे : एका आर्थिक वर्षात एका ग्राहकाला अशी दोनपेक्षा जास्त बिले देऊ नयेत. दोन बिलिंग फेऱ्यांनंतरही अंदाजेच बिल येत राहिले तर, नैसर्गिक आपत्तीसारखा अपवाद वगळता, प्रत्यक्ष रीडिंगचे बिल मिळेपर्यंत ग्राहक पैसे भरायला नकार देऊ शकतो. बिल ६० दिवस किंवा त्याहून उशिरा आले तर दोन ते पाच टक्के सवलतीचीही तरतूद आहे. किती ग्राहकांनी या नियमांचा आधार घेऊन वीज कार्यालयात पत्र दिले असेल? सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदा विचारून पाहावे.

मीटरच जोरात पळत असेल तर?

राज्य वीज नियामक आयोगाच्या पुरवठा संहितेनुसार मीटरची चाचणी मागता येते. मीटर सदोष निघाला तर बिलाची दुरुस्ती वाद उद्भवलेल्या महिन्याच्या आधीच्या जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते. ही तलवार दुधारी आहे. मीटर जलद पळत होता म्हणून ग्राहकाला परतावा मिळतो तोही तीन महिन्यांचाच. पण ‘तुमचा मीटर दीड वर्ष संथ होता, म्हणून दीड वर्षाचा फरक भरा’ अशी मागणी आली तर हीच मर्यादा ग्राहकाच्या कामी येते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने हक्क नियमांत आणखी भर घातली. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार आली तर कंपनीने पाच दिवसांत जोडीला दुसरा तपासणी मीटर बसवावा आणि किमान तीन महिने दोन्हींची नोंद ताडून पाहावी. प्रयोगशाळेच्या अहवालापेक्षा हे ग्राहकाला जास्त पटते. एकाच भिंतीवर दोन मीटर, आकडे डोळ्यांसमोर.

पाच वर्षांपूर्वीची ‘राहून गेलेली’ आकारणी

थकबाकीच्या कालमर्यादेचा विषय मात्र साधा नाही. कलम ५६(२) म्हणते की रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर ती वसूल करता येणार नाही आणि तिच्यासाठी वीजही तोडता येणार नाही. अपवाद, ती रक्कम बिलात सलग थकबाकी म्हणून दाखवली गेली असेल तर. पण कंपनीने चुकीचा दर लावला आणि लेखापरीक्षणात चूक चार वर्षांनी सापडली, तर रक्कम ‘पहिल्यांदा देय’ झाली कधी? वापराच्या महिन्यात की नव्या बिलाच्या दिवशी?

मुंबई उच्च न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मार्च २०१९ मध्ये ग्राहकाला दिलासा देणारे उत्तर दिले : पहिली मागणी केली त्या तारखेच्या मागच्या दोन वर्षांपलीकडच्या वापराचे पैसे मागता येणार नाहीत. फेब्रुवारी २०२० मध्ये अजमेरच्या वीज कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मधली वाट काढली. प्रामाणिक चूक नंतर लक्षात आली तर कंपनी पुरवणी बिल देऊ शकते, पण दोन वर्षे उलटल्यावर त्यासाठी वीज तोडण्याचे हत्यार वापरता येणार नाही. वसुलीचे इतर कायदेशीर मार्ग खुले आहेत. ऑक्टोबर २०२१ च्या आणखी एका निकालात याच न्यायालयाचा कल सुटलेल्या आकारणीबाबत कंपनीच्या बाजूने अधिक दिसतो. अशी मागणी म्हणजे सेवेतली त्रुटी नव्हे, असे त्यात म्हटले आहे.

परिणामी वकीलही या मुद्द्यावर एकमताने बोलत नाहीत. चूक कंपनीची, हिशेब कंपनीचा, लेखापरीक्षणही कंपनीचेच. आणि भुर्दंड मात्र ज्याने दर महिन्याला आलेले बिल वेळेत भरले त्याला. ब्रिटनमध्ये २०१८ पासून घरगुती ग्राहकाला १२ महिन्यांपूर्वीच्या वापराचे नवे बिल देता येत नाही, चूक ग्राहकाची नसेल तर. तिथले नियामक हे ठणकावून सांगू शकतात. आपल्या संसदेला कलम ५६(२) ची दोन ओळींची दुरुस्ती करून हा गुंता सोडवणे अशक्य नाही.

दाद कुठे मागायची?

वीज कायद्याने ग्राहकासाठी वेगळी पायरी ठेवली आहे, तीही अनेकांना माहीत नसते. आधी कंपनीकडे लेखी तक्रार. तिथे समाधान झाले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच. मंच कंपनीचाच असला तरी नियामक आयोगाच्या २०२० च्या विनियमांखाली चालतो. कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येते, मंचाने साधारण ६० दिवसांत निकाल द्यायचा असतो, आणि वीज तुटण्याची भीती असेल तर अंतरिम आदेशही मागता येतो. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूरला आहेत. लोकपालाकडे जाताना काही रक्कम अनामत भरावी लागू शकते. या पायऱ्यांवर वकील लागत नाही. कागद मात्र लागतात : मागची बिले, मीटरचे तारखेसह फोटो, पत्राची पोच.

ग्राहक न्यायालयाचा मार्गही सेवेतल्या त्रुटीसाठी खुला आहे. मात्र कलम १२६ खालच्या आकारणीचा वाद तिथे चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. तो वाद असेल तर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील करावे लागते, आणि आधी निम्मी रक्कम भरून. इथेही तोच धडा : कलम कोणते, हे आधी विचारा.

कंपन्यांचीही बाजू आहे, आणि ती हलक्यात घेण्यासारखी नाही. थकबाकी वाढली की तिचा भार शेवटी दरवाढीतून नियमित बिल भरणाऱ्यांवर येतो. वसुलीला गेलेल्या लाइनमनला शिवीगाळ, प्रसंगी मारहाण सोसावी लागते. नोटीस काढूनही न भरणाऱ्याची वीज तोडायलाच हवी. पण १५ दिवसांची नोटीस ही थकबाकीदारावरची मेहेरबानी नव्हे. चुकीचे बिल आलेला आणि मुद्दाम बुडवणारा, हे दोघे एकाच यादीत असतात. त्यांना वेगळे करण्यासाठी हे १५ दिवस आहेत.

शिवाय राज्यातल्या बहुतेक घरांना पुरवठादार बदलण्याची सोय नाही. मुंबई उपनगरातला ग्राहक अदानी आणि टाटा यांच्यात निवड करू शकतो. सांगोल्याचा किंवा सिन्नरचा ग्राहक रागावून कुठे जाणार? मोबाइलचे सिमकार्ड पटले नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलते. विजेचे तसे नाही. जिथे पर्याय नाही तिथे नियम हीच ग्राहकाची ताकद असते, आणि माहीत नसलेला नियम कागदावरच राहतो.

स्मार्ट मीटर आल्यावर शिडीही लागणार नाही

आतापर्यंत वीज तोडायला माणूस यावा लागे. त्याच्याशी बोलता येई, पावती दाखवता येई, शेजारचे जमत. स्मार्ट मीटरमध्ये हेच काम कार्यालयातल्या संगणकावरून होऊ शकते. जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर बसवणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर राज्यात बसत असलेले ‘टीओडी मीटर’ पोस्टपेड आहेत, म्हणजे बिल आधीसारखेच महिन्याने येते. त्यांचे फायदेही आहेत : रीडिंग आपोआप जाते, त्यामुळे ‘लॉक्ड’च्या नावाखाली सरासरी बिल देण्याची सबब उरत नाही, दिवसाच्या वापरावर सवलत मिळते, रोजचा वापर मोबाइलवर पाहता येतो.

मीटर बदलल्याने कलम ५६ बदललेले नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवायला हवे. बटण दाबून वीज तोडता येत असली तरी त्याआधीचे १५ दिवस तसेच आहेत. प्रश्न आहे तो यंत्रणेचा. थकबाकीची यादी संगणक काढणार, नोटीस संगणक पाठवणार, तोडण्याचा आदेशही संगणकच देणार असेल, तर ज्या ग्राहकाने हरकत नोंदवून सरासरी रक्कम भरली आहे त्याचे नाव त्या यादीतून कोण काढणार? आवक शिक्क्याचे पत्र उपविभागाच्या टपालात आणि यादी मुख्यालयाच्या सर्व्हरवर, अशी गत झाली तर कायदा पाळणाऱ्याचीच वीज जाईल.

ही भीती काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांचे स्मार्ट मीटर दुरूनच प्रीपेडवर वळवण्याचे आणि घरात शिरून सक्तीने प्रीपेड मीटर बसवण्याचे प्रकार इतके वाढले की फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाला त्यावर तात्पुरती बंदी आणावी लागली. आजारी माणसे, लहान मुले असलेली घरेही त्यातून सुटली नव्हती. त्यानंतर कडक नियम आले. आपल्याकडे प्रीपेडचा विषय सध्या बाजूला पडला आहे. तो परत आला तर शिल्लक संपल्यावर वीज जाणे हे ‘तोडणे’ मानायचे की नाही आणि १५ दिवसांच्या नोटिशीचे काय, याचे उत्तर मीटर भिंतीवर चढण्याआधी मिळायला हवे. प्रीपेड घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागता येत नाही, हे तरी कलम ४७ मध्ये स्पष्ट आहे.

करण्यासारखे काय आहे?

फार खर्चिक काही नाही. वीजबिलाच्या कागदावर, पीडीएफवर बचतीच्या घोषणा, ॲपची जाहिरात, ऑनलाइन भरण्याच्या सवलती यांना जागा मिळते. त्यातल्या दोन ओळी कलम ५६ च्या परंतुकाला देता येतील, त्याही बिलाच्या पुढच्या बाजूला, रकमेच्या चौकटीशेजारी : ‘बिल मान्य नसल्यास मागील सहा महिन्यांच्या सरासरीने रक्कम हरकत नोंदवून भरता येते. १५ दिवसांच्या लेखी नोटिशीशिवाय वीज तोडली जाणार नाही.’ सोबत त्या भागाच्या गाऱ्हाणे निवारण मंचाचा पत्ता. वीज तोडण्याच्या नोटिशीवर तर हे असलेच पाहिजे. थकबाकीची रक्कम लाल शाईत छापता येते, तर ही ओळही छापता येईल.

कंपन्यांच्या ॲपमध्ये ‘पूर्ण भरा’ या बटणाशेजारी ‘हरकत नोंदवून सरासरी भरा’ असे दुसरे बटण देणे हे तांत्रिकदृष्ट्या किरकोळ काम आहे. मागच्या सहा बिलांच्या रकमा त्याच सर्व्हरवर असतात. सरासरी काढायला क्षणही लागत नाही. ते बटण दाबताच त्या ग्राहकाचे नाव तोडणीच्या यादीतून आपोआप वगळले गेले पाहिजे आणि तक्रार क्रमांक मोबाइलवर आला पाहिजे. राज्य नियामक आयोग एका आदेशाने हे सर्व कंपन्यांना बंधनकारक करू शकतो. ग्राहक संघटनांनी पुढच्या दरनिश्चितीच्या सुनावणीत पैशांच्या आकड्यांबरोबर ही मागणीही मांडायला हरकत नाही.

तोपर्यंत एक काम घरच्या घरी होण्यासारखे आहे. मागच्या सहा महिन्यांच्या बिलांची सरासरी काढून तो आकडा मीटरजवळ पेन्सिलने लिहून ठेवावा. आणि घरातल्या ज्येष्ठांना सांगून ठेवावे की रात्री साडेनऊला वीज तोडण्याचा संदेश आला तर फोन बाजूला ठेवून खुशाल जेवायला बसावे.